दिसत नाही, की नाहीच?



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमलो आहोत, त्यांनी मला आठवी-नववीत विज्ञान शिकवलं. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता. त्याच्यापुढे साठ मुलांची रांग लागायची आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट यायचं. आम्ही घाईघाईनं डोळा लावायचो आणि म्हणायचो, "सर, काही नाही." सर कधी रागावले नाहीत. ते शांतपणे विचारायचे, "दिसत नाही, की नाहीच?"

तेव्हा मला त्या दोन वाक्यांतला फरक कळत नसे. पुढे जिवाणूंचा अभ्यास हेच माझं काम झालं, आणि या प्रश्नानं माझी पाठ कधी सोडली नाही. म्हणून आज मी एका प्रयोगाबद्दल बोलणार आहे. तो शाळेच्या प्रयोगशाळेत करता येतो. अंगणातला एक किडा घ्यायचा आणि त्याच्या पेशींच्या आत वोल्बाकिया नावाचा जिवाणू राहतो का, ते शोधायचं. एवढाच प्रयोग. माझे मुद्दे तीन. हा पाहुणा कोण? त्याला शोधायचं कसं? आणि ते शाळेतल्या मुलांनी का शोधायचं?

पहिला मुद्दा, पाहुण्याची ओळख.

1924 सालची गोष्ट. अमेरिकेत मार्शल हर्टिग आणि बर्ट वोल्बाक हे दोन संशोधक तऱ्हेतऱ्हेच्या कीटकांच्या शरीरात सूक्ष्म जीव शोधत होते. त्यांनी साधा क्युलेक्स डास तपासला. रात्री आपल्या कानाशी गुणगुणतो, त्याच कुळातला. त्याच्या मादीच्या अंडाशयात, थेट पेशींच्या आत, त्यांना बारीक जिवाणू दिसले. डास तर ठणठणीत होता. 1936 साली हर्टिग यांनी आपल्या सहकाऱ्याच्या नावावरून त्या जिवाणूला वोल्बाकिया हे नाव दिलं. पुढची कित्येक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. डासाला अपाय नाही, माणसाला ताप नाही, मग दखल कोण घेणार?

पण तो अंडाशयातच का बसला होता? थोडं थांबून या प्रश्नाचा विचार करू. वोल्बाकिया आईकडून अंड्यात उतरतो आणि अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. शुक्राणूत त्याला जागा मिळत नाही. म्हणजे नराच्या शरीरात पोचलेल्या वोल्बाकियाचा वंश तिथेच खुंटतो. मग त्याचं हित कशात? यजमानाच्या घरी मुली वाढण्यात! आणि लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत त्याला नेमके तेच मार्ग सापडले आहेत.

आता हे मार्ग पाहा. ओलसर दगडाखाली सापडणाऱ्या, स्पर्श होताच गोळी होणाऱ्या एका जीवात तो नराची चक्क मादी करतो. पॅसिफिक महासागरातल्या सामोआत ग्रेट एगफ्लाय नावाचं फुलपाखरू आहे, ते आपल्या सह्याद्रीतही दिसतं. सामोआत तो नर पिल्लांना अंड्यातच मारत असे. 2001 साली तिथल्या शंभर फुलपाखरांत नर जेमतेम एक उरला होता. पण फुलपाखरंही स्वस्थ बसली नव्हती. जिवाणूला दाद न देणारं एक जनुक त्यांच्यात पसरत गेलं, आणि 2006 पर्यंत, म्हणजे साधारण 10 पिढ्यांत, नरांचं प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास आलं. उत्क्रांती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डायनोसॉर येतो. इथे ती पाच वर्षांत घडली, माणसांच्या डोळ्यांदेखत घडली.

या सभागृहात ऊस पिकवणारी मंडळी नक्की असतील. खोडकिडीसाठी तुम्ही ट्रायकोकार्ड लावता. त्या कार्डातून ट्रायकोग्रामा नावाची, टाचणीच्या टोकाएवढी माशी बाहेर येते आणि किडीच्या अंड्यात आपली अंडी घालते. याच ट्रायकोग्रामाच्या काही जातींत अशी कुळं आढळतात की त्यांत फक्त माद्याच असतात. त्या नराशिवायच प्रजा वाढवतात. 1990 साली रिचर्ड स्टाउटहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माश्यांना प्रतिजैविकं खाऊ घातली, तर पुढे त्यांना नर होऊ लागले! नर नाहीसे करणारा आत बसलेला जिवाणूच होता.

चौथा मार्ग सगळ्यांत जास्त आढळतो. वोल्बाकिया असलेला नर आणि वोल्बाकिया नसलेली मादी यांचा संग झाला, तर अंडी फुटतच नाहीत. वोल्बाकिया असलेल्या मादीची अंडी मात्र सहसा दोन्ही प्रकारच्या नरांबरोबर फुटतात. म्हणजे ज्या मादीकडे हा पाहुणा आहे तिची वंशवेल फोफावते, जिच्याकडे नाही तिची आटत जाते. डासांच्या काही जोड्यांना पिल्लं का होत नाहीत, हे कोडं जुनंच होतं. 1967 साली जर्मनीच्या हान्स लावेन यांनी ब्रह्मदेशात, रंगूनजवळच्या ओक्पो गावी, असे न जुळणारे नर सोडून तिथले क्युलेक्स डास संपवून दाखवले. पण या सगळ्यामागे वोल्बाकिया आहे हे 1971 साली येन आणि बार या शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणजे पहिल्यांदा दिसल्यापासून सत्तेचाळीस वर्षांनी.

पण वोल्बाकियाला नुसता लबाड ठरवून आपण मोकळे होऊ नये. ढेकणाचं घ्या. तो आयुष्यभर रक्तावर जगतो, आणि रक्तात ब जीवनसत्त्वं पुरेशी नसतात. 2010 साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ढेकणाची ही गरज त्याच्या शरीरातला वोल्बाकिया भागवतो. पाहुणा काढून टाकला, की ढेकणाची वाढ आणि वंश दोन्ही अडतात. तोच जिवाणू एका घरी मुलगे मारतो आणि दुसऱ्या घरी चूल पेटती ठेवतो. आणि अशी घरं किती आहेत? जगातल्या कीटकांच्या जवळजवळ निम्म्या प्रजातींत तो असावा, असा अंदाज आहे. निम्म्या! तुमच्या खिडकीतल्या कुंडीवर आत्ता दोन जातींचे किडे बसले असतील, तर त्यातल्या एकाच्या पोटी हा पाहुणा असण्याची बरीच शक्यता आहे.

आता दुसरा मुद्दा. त्याला शोधायचं कसं?

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किडा धरला तर "सर, काही नाही" असंच म्हणावं लागेल. हा जिवाणू बाहेर काढून, बशीत वाढवून पाहायची सोय नाही, कारण तो पेशीबाहेर वाढतच नाही. मग उरतो त्याचा डीएनए. इथे मला फार समजावावं लागणार नाही. कोविडच्या काळात आरटीपीसीआर हा शब्द घराघरांत पोचला. पीसीआरचं तंत्र कॅरी मलिस यांना 1983 साली सुचलं. डीएनएची नळी 95 अंशांपर्यंत तापवायची, म्हणजे दोन धागे सुटे होतात. मग ती पन्नास-पंचावन्न अंशांवर आणायची, म्हणजे प्रायमर नावाचे आखूड तुकडे आपापली जागा ओळखून चिकटतात. मग 72 अंशांवर धाग्याची नवी प्रत तयार होते. एकाच्या दोन, दोनाच्या चार. अशा 30 फेऱ्या झाल्या की एका प्रतीच्या 107 कोटी होतात. सुरुवातीच्या काळात संशोधक नळ्या हातानं एका पाण्याच्या भांड्यातून दुसऱ्यात हलवत बसत. आज ते काम यंत्र करतं.

विद्यार्थ्यांनो, आता मी सांगते ते नीट ऐका. एवढ्या उष्णतेत न बिघडणारं, प्रती काढणारं विकर ज्या जिवाणूपासून मिळालं, तो अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडला. थॉमस ब्रॉक या प्राध्यापकांनी तो शोधला. त्यांच्याबरोबर काम करणारा हडसन फ्रीझ तेव्हा पदवीसुद्धा न मिळालेला विद्यार्थी होता. 1969 साली दोघांच्या नावानं त्या जिवाणूचं वर्णन छापून आलं. आज जगभर चालणाऱ्या या तपासणीच्या मुळाशी एका विद्यार्थ्याचे कष्ट आहेत.

काही वर्षांपूर्वी मला एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या अकरावीच्या मुलांबरोबर हा प्रयोग करायची संधी मिळाली. मुलांनी चिलटं आणली, मावा आणला, एक कुंभारमाशी आणली. एका मुलीनं दाराशी असलेल्या कढीपत्त्याच्या झाडावरचा मुंगळा आणला, मोठा, काळा, तुकतुकीत. किडे अल्कोहोलमध्ये ठेवले. पाय किती, पंख किती, मिशा कशा हे वहीत लिहिलं, चित्र काढलं. ही पायरी कुणीही गाळू नये. ज्याचा डीएनए काढायचा, त्याचं तोंड आधी नीट पाहायला हवं. मग किडा नळीत चिरडून त्याचा डीएनए वेगळा केला आणि पीसीआर लावला. शेवटी नळीतला थेंब जेलीच्या पातळ थरावर, म्हणजे जेलवर, सोडला; शोधलेला तुकडा असेल तर तिथे पट्टी उमटते.

प्रायमरच्या दोन जोड्या घातल्या. पहिली जोडी वोल्बाकियाच्या जनुकाचा तुकडा शोधते, लांबी डीएनएची 438 अक्षरं. दुसरी जोडी किड्याच्याच एका जनुकाचा तुकडा शोधते, लांबी सातशेच्या आसपास. हा दुसरा तुकडा कशासाठी? कारण पहिली पट्टी दिसली नाही, तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, वोल्बाकिया नाही. दोन, डीएनए नीट निघालाच नाही, काम बिघडलं. किड्याची स्वतःची पट्टी उमटली आणि वोल्बाकियाची उमटली नाही, तरच "नाही" म्हणायचा अधिकार मिळतो. दोन्ही उमटल्या नाहीत, तर एकच प्रामाणिक उत्तर उरतं, "कळलं नाही."

मित्रहो, "नाही" आणि "कळलं नाही" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हे अंतर ओलांडून आपण रोज किती निष्कर्ष काढतो! पेशंटची एक तपासणी झाली, काही सापडलं नाही, म्हणजे आजार नाही का? गावातून तक्रार आली नाही, म्हणजे गावात अडचण नाही का? मूल वर्गात बोललं नाही, म्हणजे त्याला काही सांगायचंच नाही का? दिसत नाही, की नाहीच?

या दुसऱ्या पट्टीत आणखी एक गोष्ट दडली आहे. किड्याची ओळख पटवणारं ते जनुक मायटोकाँड्रियातलं आहे. मायटोकाँड्रिया म्हणजे आपल्या पेशीतली ऊर्जेची चूल. ही चूल एके काळी स्वतंत्र जिवाणू होती. दीडशे कोटी वर्षांहून आधी ती दुसऱ्या पेशीत राहायला आली आणि कायमची राहिली. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 साली हा विचार नव्यानं, नेटानं मांडला. कित्येक नियतकालिकांनी तो लेख परत पाठवला होता. आज तो पाठ्यपुस्तकात आहे. मायटोकाँड्रियाचे पूर्वज आणि वोल्बाकिया जिवाणूंच्या एकाच मोठ्या वर्गातले, आणि दोघेही आईकडूनच येतात. म्हणजे जेलवर ज्या दोन पट्ट्या आपण शोधतो, त्या दोन्ही पाहुण्यांच्याच. एक कधीचा घरचा झाला, दुसरा अजून उंबऱ्याच्या आत-बाहेर आहे. त्या चिमुकल्या मुंगळ्याच्या नळीत आपल्या स्वतःच्या पेशींचाही इतिहास असतो.

आणखी एक नळी असते. तिच्यात किडा नाही, डीएनए नाही, फक्त शुद्ध पाणी. बाकी सगळी रसायनं तीच. या नळीत काहीही उमटता कामा नये. ती किड्याची परीक्षा घेत नाही, आपली घेते.

आमच्या पहिल्या खेपेला त्या मुलीच्या मुंगळ्याच्या रांगेत वोल्बाकियाची पट्टी लखलखीत उमटली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मग कुणाचं तरी लक्ष शेवटच्या रांगेकडे गेलं. पाण्याच्या नळीतही तीच पट्टी! कुठेतरी एक थेंब उडाला होता, पिपेटचं एखादं टोक बदलायचं राहिलं होतं. खोली गप्प झाली. ती मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, पण माझी पट्टी तर आली ना?" मी काही बोलले नाही. ती बराच वेळ त्या दोन रांगांकडे पाहत राहिली. मग तिनं स्वतःच्या हातानं वहीतल्या त्या निकालावर रेघ मारली.

आता तिसरा मुद्दा. हे मुलांनी का करायचं?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूड्स होल इथल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत सेथ बोर्डनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रयोग शाळांसाठी बसवला. किडा ओळखा, डीएनए काढा, पीसीआर करा, जेलवर पाहा, आलेली अक्षरं संगणकावर ताडून बघा, अशा पाच पायऱ्या. शाळेतली मुलं आपापल्या परसातले किडे घेऊन येतात. त्यामागचा विचार फार मोलाचा आहे. जगात कीटकांच्या दहा लाखांच्या आसपास प्रजातींची नोंद झाली आहे. त्यातल्या फार थोड्यांची वोल्बाकियासाठी तपासणी झाली आहे. म्हणून शाळकरी मुलगी आपल्या अंगणातला किडा तपासते तेव्हा शक्यता अशी असते, की त्या प्रश्नाचं उत्तर त्या क्षणी जगात कुणालाच ठाऊक नाही. बाईंना नाही, मला नाही, कुठल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरही नाही.

आपल्या प्रयोगवह्या आठवा. लंबकाचा प्रयोग आठवा. गुरुत्वत्वरणाचं उत्तर 980 च्या जवळ यायला हवं, हे आधीच ठाऊक असायचं. मग निरीक्षणं त्या उत्तराकडे सरकायची. आम्ही सगळ्यांनी ते केलं आहे. मुलांना मी दोष देत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच छापलेलं आहे, तिथे खोट्याचा मोह आपणच निर्माण करतो. ज्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही, तिथे नक्कल कशाची करणार? तिथे प्रामाणिकपणा शिकवावा लागत नाही. पाण्याची नळी तो शिकवते.

पालक विचारतात, याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, याच्यात वोल्बाकिया निसर्गतः नसतो. ऑस्ट्रेलियाचे स्कॉट ओनील आणि त्यांचे सहकारी यांनी फळमाशीतला वोल्बाकिया त्या डासात रुजवला. अशा डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू नीट वाढू शकत नाही. 2011 साली केर्न्स शहराच्या परिसरात असे डास सोडले गेले. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात मोठी चाचणी झाली. 2021 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि ज्या वस्त्यांत हे डास सोडले तिथे डेंग्यूचं प्रमाण 77 टक्क्यांनी कमी आढळलं. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या आयसीएमआरच्या केंद्रानंही असे डास प्रयोगशाळेत तयार केले आहेत.

आणि हत्तीपाय! पूर्व विदर्भातल्या किती घरांत तो सुजलेला पाय पाहिला आहे आपण. तो रोग देणाऱ्या जंतातही वोल्बाकिया राहतो, आणि त्याच्यावाचून त्या जंताला पिल्लं होत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे साधं प्रतिजैविक काही आठवडे दिलं की आतला जिवाणू मरतो आणि जंत वांझ होतो. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ते देता येत नाही, म्हणून सरसकट गोळ्यावाटपात ते बसत नाही. पण रोगाच्या मुळाशी जायचा एक नवा रस्ता त्यामुळे उघडला. 1924 साली डासाच्या अंडाशयात दिसलेल्या, कुणाच्याही अध्यात-मध्यात नसलेल्या जिवाणूपासून इथवर आपण आलो. तेव्हा कुणी "उपयोग काय" म्हणून तो सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवला असता तर?

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक शाळेत पीसीआर यंत्र येणार नाही, मला कल्पना आहे. पण कोविडनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत, महाविद्यालयांत ही यंत्रं आली आहेत. महिन्यातला एक शनिवार या संस्थांनी जवळच्या शाळेसाठी द्यावा. किडे आणि प्रश्न मुलं आणतील.

आता त्या मुंगळ्याची गोष्ट पूर्ण करते, कारण ती अर्धीच सांगितली.

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळं पुन्हा केलं. टेबल पुसलं, टोकं बदलली, नव्या नळ्या घेतल्या. या खेपेला पाण्याची रांग काळीशार राहिली. मुंगळ्याची स्वतःची पट्टी ठळक उमटली. वोल्बाकियाची पट्टी नव्हती. कढीपत्त्यावरच्या त्या मुंगळ्याचं उत्तर होतं, "नाही." ती मुलगी मनापासून हसली. आदल्या आठवड्यातल्या टाळ्यांपेक्षा तिला हे "नाही" मोठं वाटलं, कारण ते तिनं कमावलं होतं.

मग मी तिला सांगितलं, की या मुंगळ्याच्या गोत्रातल्या मुंग्यांच्या आतड्याच्या भिंतीत दुसराच एक जिवाणू राहतो. 1880च्या दशकात ब्लोखमान या जर्मन शास्त्रज्ञांनी तो पाहिला, म्हणून त्याचं नाव ब्लोखमानिया. तो मुंगळ्याला अन्नघटक बनवून देतो. आपले प्रायमर वोल्बाकियासाठी घडवलेले, म्हणून तो आपल्याला दिसूच शकत नव्हता.

ती क्षणभर थांबली. तिनं वही परत ओढली. "जिवाणू नाही" असं लिहिलं होतं, त्यातला "जिवाणू" शब्द खोडला आणि वर बारीक अक्षरांत लिहिलं, "वोल्बाकिया". मग त्याखाली स्वतःहून एक ओळ जोडली, "या प्रायमरनी दिसला नाही."

तिनं आमच्या सरांना कधी पाहिलं नव्हतं. पण ती ओळ वाचताना मला त्यांचा आवाज ऐकू आला.